वायरपासून कागदापर्यंत

दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपुरात बर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत झेरॉक्सच्या दुकानांसमोर गर्दी उसळते. प्रवेशाचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर यातले जवळपास सगळे ऑनलाइन भरले जाते, तरीही त्याचा कागद कुठल्या ना कुठल्या टेबलावर ठेवावाच लागतो. शेतीच्या कामातही तेच. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या उतरवता येतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज राहत नाही. काटोल किंवा रामटेककडे जमीन असलेल्या कुटुंबाची एक चक्कर वाचली, पण तो उतारा बँकेत द्यायचा तर छापायचा कुठे, हा प्रश्न उरला. कचेरीची खिडकी संकेतस्थळावर गेली, तेव्हा छपाईचे काम नागरिकाच्या घरी आले.

२०२० च्या टाळेबंदीने ही गरज आणखी ठसवली. शाळेच्या वर्कशीट पीडीएफ होऊन मोबाइलवर येत होत्या आणि झेरॉक्सवाल्याचे शटर खाली होते. अनेक घरांत पहिला प्रिंटर तेव्हा आला. दुसरे कारण खासगीपणाचे आहे. दुकानात प्रिंट काढायची म्हणजे आधार कार्ड, बँकेचे स्टेटमेंट, वैद्यकीय अहवाल दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. काम झाल्यावर ती फाइल तिथून पुसली गेली की नाही, हे गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नये, उतरवलेच तर सगळ्या प्रती पुसून टाकाव्यात, असे आधार प्राधिकरणानेच लोकांना बजावलेले आहे.

त्यामुळे घरचा प्रिंटर आता चैन राहिलेला नाही. अडते ते पुढे.

बर्डीवर मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत संगणकाची दुकाने दाटीने उभी आहेत. तिथून खोके घरी आणणे अर्ध्या तासाचे काम. जोडून देणारा माणूस पहिल्या दिवशी येतो, एक चाचणी पान काढून दाखवतो आणि निघून जातो. महिन्याभराने राउटर बदलतो, संगणक फॉरमॅट होतो किंवा टेबल दुसऱ्या खोलीत जाते आणि दुकानात फोन खणखणतो, “भाऊ, प्रिंट येऊनच नाही राहिली ना!” पलीकडून ठरलेले उत्तर येते, “काकू, एकदा बंद करून चालू करून पाहा बरं.” कधी त्याने काम भागते, बहुतेक वेळा भागत नाही. मग माणूस पुन्हा बोलवायचा, त्याची फी द्यायची आणि त्याने नेमके काय केले ते न कळताच पुढच्या बिघाडाची वाट पाहायची.

हे चक्र तोडता येते, अशा ठाम विश्वासातून ही पुस्तिका लिहिली आहे. तिचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल : प्रिंटर जोडण्याचे काम चार टप्प्यांचे असते आणि अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखता आले की निम्म्याहून अधिक दुरुस्ती घरातच होते. पहिला टप्पा वायरीचा किंवा वायफायचा. दुसरा ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकातले पान त्या विशिष्ट यंत्राला समजेल अशा आज्ञांत बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा. तिसरा छपाईच्या रांगेचा. चौथा खुद्द यंत्राचा आणि कागदाचा.

टप्पे वेगळे कसे काढायचे, याची पहिली कसोटी अगदी सोपी आहे. स्कॅनर असलेल्या ऑल-इन-वन प्रिंटरची यूएसबी वायर काढून टाकावी, काचेवर एक कागद ठेवावा आणि कॉपीचे बटण दाबावे. झेरॉक्स नीट निघाली तर शाई, रोलर, कागद सगळे ठीक आहे. दोष संगणकाच्या बाजूला आहे. झेरॉक्सही निघाली नाही तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. एवढ्या एका कृतीने शोधाचे क्षेत्र अर्धे होते.

वायरीच्या टप्प्याला मोठा इतिहास आहे आणि तो वाचकाला कळावा असा आहे. १९७० मध्ये अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने आपल्या प्रिंटरसाठी काढलेली पॅरलल जोडणी पुढे पाव शतक टिकली. संगणकाच्या मागे पंचवीस पिनांचे, स्क्रूने आवळायचे जाड कनेक्टर आणि प्रिंटरच्या टोकाला छत्तीस संपर्कांचे, तारेच्या कड्यांनी अडकवायचे दुसरे. जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावी लागत. माउसचे कनेक्टर वेगळे, कीबोर्डचे वेगळे, मॉडेमचे त्याहून वेगळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा गुंता अजय भट्ट यांना खुपत होता. भट्ट मूळचे बडोद्याचे, तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले आणि तेव्हा इंटेलमध्ये अभियंते. घरी पत्नीला मुलीच्या शाळेचे काम छापताना करावी लागणारी यातायात पाहून एकच सोपी जोडणी हवी हा विचार पक्का झाला, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक यांच्यासह सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. आज मोबाइलच्या चार्जरपासून पेन ड्राइव्हपर्यंत जे यूएसबी दिसते, त्याच्या मुळाशी घरातल्या प्रिंटरने अडवलेला एक गृहपाठही आहे.

यूएसबी आली तरी एक सापळा राहिला. नव्या प्रिंटरच्या पाठीमागचे चौकोनी भोक निरखून पाहावे. अनेक मॉडेलांत त्यावर एक रंगीत स्टिकर चिकटवलेला असतो. त्यावर वायरीचे चित्र आणि फुली असते, सोबत ‘आधी सॉफ्टवेअर टाका’ अशा अर्थाची सूचना. खोके उघडण्याच्या घाईत तो सोलून फेकला जातो आणि वायर आधी लावली जाते. संगणक मग स्वतःच अंदाजाने कुठला तरी सर्वसाधारण ड्रायव्हर बसवतो. प्रिंटर यादीत दिसतो, पण स्कॅनर चालत नाही किंवा पाठपोट छपाईचा पर्याय सापडत नाही. ज्या यंत्राला असा स्टिकर आहे, तिथे क्रम पाळावा : सॉफ्टवेअर सुरू करावे, ते सांगेल तेव्हाच वायर लावावी. खोक्यातली सीडी घालायला आताच्या लॅपटॉपमध्ये जागाच नसते. ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, मॉडेलचा पूर्ण नंबर टाकून घ्यावा. शोधयंत्रात ‘फ्री ड्रायव्हर’ म्हणून वर येणाऱ्या भलत्या ठिकाणांवरून तो कधीही घेऊ नये.

आणखी एक बारीक गोष्ट. टेबल झाडताना वायर काढली आणि संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावली, तर काही प्रिंटरांच्या बाबतीत विंडोज त्याला नवे यंत्र समजते. यादीत त्याच नावापुढे ‘कॉपी १’ असे लिहिलेला दुसरा प्रिंटर उगवतो. आज्ञा मात्र जुन्या नावाकडे जात राहतात आणि ते नाव ऑफलाइन दाखवते. इलाज दोन मिनिटांचा : वायर जुन्या सॉकेटमध्ये परत लावावी, किंवा नवे नाव डिफॉल्ट करून जुने काढून टाकावे.

ड्रायव्हरच्या प्रकरणाला या पुस्तिकेत सर्वाधिक पाने दिली आहेत, कारण नागपुरातल्या घरांत आणि लहान कार्यालयांत अजून चालू असलेली बरीचशी यंत्रे जुनी आहेत. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही नावे टोनर रिफिल करणाऱ्या कुठल्याही माणसाला तोंडपाठ असतात. ‘१२ए’ म्हटले की त्याला कार्ट्रिज न दाखवता कळते. हे प्रिंटर स्वस्त आणि चिवट ठरले, त्यामागे एक युक्ती होती. पान रचण्याचे बहुतेक काम ते स्वतः करत नाहीत, संगणकाकडून करून घेतात. १०२० तर याहून पुढे जातो. त्याचा स्वतःचा अंतर्गत प्रोग्रॅमही त्याच्याजवळ कायम राहत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकातला ड्रायव्हर तो त्याला नव्याने पाठवतो. ड्रायव्हर बिघडला की हे यंत्र दिवा लावून नुसते बसून राहते. घरातली माणसे ‘प्रिंटर गेला’ म्हणतात, पण यंत्र धडधाकट असते.

ड्रायव्हर कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाने तर संगणकाच्या जगाला मोठे वळण दिले. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. तो वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मात्र कंपनीने दिला नाही, आणि ज्याच्याकडे तो होता त्याने करारामुळे द्यायला नकार दिला. तो अनुभव स्टॉलमन यांच्या मनात घर करून राहिला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आज जगभर वापरात असलेल्या लिनक्स प्रणाली या चळवळीच्या खांद्यावर उभ्या आहेत.

दुसरीकडे, प्रत्येक मॉडेलला वेगळा ड्रायव्हर ही पद्धतच आता मावळते आहे. अ‍ॅपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले; आयफोनवरून कुठलाही ड्रायव्हर न टाकता छापता येऊ लागले. अँड्रॉइड फोनवर मोप्रिया या प्रमाणाने तीच सोय केली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केले की विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर देणे टप्प्याटप्प्याने थांबेल आणि भर सर्वांना सामाईक अशा आयपीपी या प्रमाणावर राहील. यामागे सुरक्षेची काळजीही आहे. २०२१ च्या मध्यावर विंडोजच्या छपाई यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली गंभीर फट सापडली होती. तिच्यातून हल्लेखोराला संपूर्ण संगणकावर ताबा मिळवता येत होता. नवा प्रिंटर घेणाऱ्याने म्हणून खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रियाची खूण आहे का, हे आधी पाहावे. ज्याच्याकडे जुना आहे, त्याने चालू असलेल्या ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हवर आजच जपून ठेवावी.

तिसरा टप्पा रांगेचा. विंडोजमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा प्रत्येक आज्ञा आधी डिस्कवर लिहून ठेवते आणि एकेक करून प्रिंटरकडे सोडते. रेशनच्या दुकानात पहिल्याच माणसाचा अंगठा मशीनवर उमटेना की मागची सगळी रांग ताटकळते, तसेच इथे घडते. एक खराब फाइल पुढे अडकली की मागची वीस पाने थांबतात, आणि बटण पुन्हा पुन्हा दाबल्याने रांग फक्त लांबत जाते. यादीतून ती आज्ञा रद्द होत नसेल तर उपाय असा : प्रिंटर बंद करावा. संगणकात ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावे. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज, त्यातल्या सिस्टम ३२, त्यातल्या स्पूल या फोल्डरमधले ‘प्रिंटर्स’ नावाचे फोल्डर उघडावे आणि आतल्या फाइली पुसाव्यात. फोल्डर तसेच ठेवावे. स्पूलर पुन्हा सुरू करावे, शेवटी प्रिंटर. बाहेरून बोलावलेला तंत्रज्ञ अनेकदा एवढेच करतो.

याच टप्प्यावर आणखी एक फसगत होते. विंडोज १० पासून ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा’ असा पर्याय आला. तो चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डिफॉल्ट होतो. काल एखादी फाइल पीडीएफ म्हणून जतन केली असेल, तर आज प्रिंट देताच कागदाऐवजी ‘फाइल कुठे ठेवू’ असे विचारणारी चौकट उघडते. तो पर्याय बंद करून खरा प्रिंटर एकदाच नेमून टाकावा.

पहिल्या टप्प्यातली वायफायची जोडणी करताना नागपूरकर ज्या ठिकाणी हमखास अडतात, ते राउटरचे दोन बँड. फायबरच्या जोडणीबरोबर येणारे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालतात. घरगुती प्रिंटर मात्र पुष्कळदा फक्त २.४ ओळखतात. फोन पाचवर आणि प्रिंटरला नेटवर्कच सापडत नाही, असा प्रकार होतो. प्रिंटर आधी २.४ च्या नावावर जोडावा. आणि लाइट जाऊन आल्यावर राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिल्यामुळे तो ऑफलाइन दिसू लागला, तर राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा.

मराठी घरांचा एक खास प्रश्न अक्षरांचा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो प्रिंटरचा दोष नव्हे. फॉन्टच नसल्यामुळे तसे होते. पत्र जिथे तयार झाले तिथेच त्याचे पीडीएफ करून घेतले की फॉन्ट सोबत येतो. पडद्यावर जोडाक्षरे नीट आणि कागदावर तुटलेली असतील, तर अ‍ॅडोबी रीडरमध्ये छपाईच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ चौकटीत ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडावे. पान थोडे सावकाश निघते, पण ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ अखंड उतरतात.

कागदाच्या मापानेही बराच घोळ होतो. संगणकाची भाषा-प्रदेश सेटिंग अमेरिकेची असेल तर पान ‘लेटर’ म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटरचे धरले जाते. ट्रेमध्ये असतो ए-फोर, २१० बाय २९७ चा. मग कुठे खालची ओळ खाल्ली जाते, कुठे प्रिंटर ‘कागद जुळत नाही’ म्हणून थांबतो. वकिली करणाऱ्या घरांत लीगलचे गठ्ठेही असतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० पासून ए-फोर आणि पाठपोट छपाई स्वीकारली. त्यामुळे एकाच टेबलावर दोन मापांचे कागद असतील, तर छापण्याआधी ट्रेमध्ये कोणता आहे हे पाहण्याची सवय हवी.

राहिले यंत्र आणि हवामान. हे प्रकरण नागपूर डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिले आहे. घरगुती इंकटँक प्रिंटर साधारण १० ते ३५ अंश तापमानात चालावा, असे त्याच्या माहितीपत्रकात असते. अनेक लेझर प्रिंटरांची मर्यादा ३२ अंशांच्या आसपासच संपते. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आल्यावर प्रिंट फिकट किंवा रेषारेषांची येते, कारण हेडच्या सूक्ष्म छिद्रांत शाई वाळलेली असते. आठवड्यातून एखादे रंगीत पान काढणे हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. कूलरची ओली हवा थेट कागदाच्या ट्रेवर आली की कागद ओल धरतो, वळतो आणि रोलरमध्ये अडकतो. पावसाळ्यात कूलरशिवायही तेच होते. बल्लारपूरच्या गिरणीने चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूपासून कागद काढून विदर्भाचे नाव देशभर नेले. कागद कितीही चांगला असला तरी उघडे रिम ओल धरतेच, म्हणून उरलेला कागद वेष्टनासकट कपाटात ठेवावा.

विजेबद्दल दोन सूचना पहिल्याच दिवशी पाळाव्यात. लेझर प्रिंटर कधीही घरच्या यूपीएसवर लावू नये. टोनर वितळवणारा त्याचा फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि तापताना एकदम मोठा विद्युतप्रवाह ओढतो. लहान यूपीएसला तो झेपत नाही. इंकटँक प्रिंटरमध्ये पहिल्यांदा शाई भरल्यावर ती नळ्यांतून हेडपर्यंत चढायला बरीच मिनिटे लागतात. त्या वेळात प्रिंटर बंद पडू नये, म्हणून भारनियमनाची किंवा वादळाची वेळ टाळून ते काम करावे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम खोके उघडण्यापासून सुरू होतो आणि वर सांगितलेल्या चार टप्प्यांनीच पुढे जातो. वाचकाने पहिल्या पानापासून वाचावे असे नाही. बिघाड पाहून थेट त्या प्रकरणाकडे जावे, अशी रचना आहे. हेड उघडणे, फ्यूजर बदलणे, टोनर घरी भरणे या गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. त्या हाताला सराव असलेल्या कारागिरानेच कराव्यात.

शेवटचे प्रकरण लिनक्सवर आहे, आणि ते केवळ हौशी मंडळींसाठी नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला आणि विंडोज ११ न पेलणारे असंख्य घरगुती संगणक अधांतरी राहिले. अशा संगणकावर लिनक्स टाकता येते. त्यातली कप्स ही छपाई यंत्रणा मायकेल स्वीट यांनी लिहिली, १९९९ मध्ये ती खुली झाली आणि अ‍ॅपलच्या मॅकमध्येही तीच बसलेली आहे. एचपीच्या प्रिंटरांसाठी लिनक्सवर एचपीलिप नावाचा संच मिळतो. लेझरजेट १०२० ला त्यासोबत कंपनीचे एक छोटे प्लगइन लागते, कारण दर वेळी पाठवायचा तो अंतर्गत प्रोग्रॅम त्यातच असतो. संगणक जुना झाला म्हणून चालता प्रिंटर भंगारात देऊ पाहणाऱ्या प्रत्येक घराने आधी हे प्रकरण वाचावे, प्लगइन टाकावे आणि एक चाचणी पान काढून पाहावे.